लेकरांची दिवाळी आणि विटेवरचा देव



दिवाळीची सुटी जवळ आली की घराघरांत याद्या सुरू होतात. वसुबारसेला काय, धनत्रयोदशीला काय, पहाटे किती वाजता उठायचे, फराळाचे किती जिन्नस करायचे, भाऊबीजेला कुणाकडे जायचे, आणि सुटी उरली तर लेकरांना घेऊन कार्तिकीला पंढरपूर कसे गाठायचे. यादी करणे वाईट नाही. प्रपंच यादीवाचून चालत नाही. पण ज्या घरात दोन, तीन, पाच वर्षांची लेकरे आहेत त्या घरात ही यादी पार पाडण्याच्या पायी सण कसा हातातून जातो, आणि सणाबरोबर आणखी काय जाऊ शकते, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे. त्याचाच विचार या लेखात करावयाचा आहे. चूक आमची आहे, म्हणून ती उघड सांगतो. दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

प्रत्येकाने आणलेली दिवाळी

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले, हल्ली मुक्काम कोपरखैरणे, नवी मुंबई. धंदा माथाडीचा. मुंबईतला कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ साली खाडीपलीकडे तुर्भ्याला आला, त्याच्या मागोमाग आमची टोळीही आली. जन्म पाठीवर गोण्या वाहण्यात गेला. आता चिरंजीव नोकरी करतात, सूनबाई ऐरोलीच्या एका कंपनीत जातात, आणि आम्ही उभयता नातवंडे सांभाळतो.

हे नगर तसे लहान वयाचे. सिडकोची स्थापना १९७० सालची. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन त्यासाठी घेतली गेली. ती आगरी-कोळी बांधवांची गावे. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी हा त्यांचा संसार होता. ती मंडळी सोडली तर येथे कुणाचेच गाव हे नाही. कुणी साताऱ्याचा, कुणी जुन्नर-आंबेगावचा, कुणी कोकणातला, कुणी खानदेशातला. प्रत्येकाने येताना ट्रंकेत कपडे आणले तशी मनात आपल्या गावची दिवाळी आणली. आणि ती पुरीच्या पुरी दोन खोल्यांत मांडायची, असा प्रत्येकाचा हट्ट.

आमच्या मनातली दिवाळी १९६०-७० च्या सुमाराची. अंगणात तांब्याचा बंब पेटलेला, धुराचा वास, चुलत्यांची मिळून दहाबारा पोरे, आणि आजीच्या हातचे उटणे. ही आठवण आम्ही नातवंडांना इतक्या वेळा सांगितली की आमचे आम्हालाच ती पोथीसारखी वाटू लागली. एकदा आमच्या घरातून प्रश्न आला, "त्या दिवाळीत तुमची आई कुठं बसलेली आठवते का?" आम्ही पुष्कळ आठवून पाहिले. आई बसलेली आठवेना. बंबापाशी उभी, चुलीपाशी वाकलेली, विहिरीवर गेलेली, एवढीच आठवते. त्या घरात पाच बायका राबत होत्या, तेव्हा आम्हा पोरांची दिवाळी झाली. येथे सूनबाई एकटी, नोकरी सांभाळून, चार दिवसांच्या रजेवर. तिच्याकडून पाच बायकांची दिवाळी मागणारे आम्ही कोण?

पण ही समज मागाहून आली. आधी ठेच लागली.

२०२२ ची दिवाळी

करोनाची दोन वर्षे सरली होती. थोरली नात पाच वर्षांची, धाकटा नातू अडीच वर्षांचा. आम्ही ठरवले की यंदा लेकरांना खरी दिवाळी दाखवायची आणि कार्तिकीला पांडुरंगाच्या पायावर घालायचे. कागदावर यादी केली, फ्रिजवर चिकटवली.

त्या वर्षी पंचांगानेच आमची यादी मोडायला सुरुवात केली होती. नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, २४ ऑक्टोबरला आले. दुसऱ्या दिवशी, २५ ला, सूर्यग्रहण. आकाशातल्या सूर्य-चंद्रांनासुद्धा आमच्या सोयीचे वेळापत्रक पाळता आले नाही, त्यावरून शहाणे व्हायला हवे होते. आम्ही झालो नाही.

चतुर्दशीला पहाटे चारला दोन्ही लेकरांना उठवले. धाकटा रात्री फटाक्यांच्या आवाजाने नीट झोपला नव्हता. उटणे डोळ्यांत गेले तसा तो जो रडू लागला तो थांबेना. थोरली थंडीने कुडकुडत म्हणाली, "मला झोपायचंय." आम्ही म्हटले, "वर्षाच्या सणाला रडतात का?" चिरंजीवांनी आमच्याकडे पाहिले, पण बोलले नाहीत. फराळाच्या वेळी लेकरांनी चकलीचा एक तुकडा मोडला आणि दूध-पोळी मागितली. सूनबाईने रात्री एकपर्यंत बसून केलेले अनारसे तसेच राहिले. तिच्या डोळ्यांत पाणी आले, ते आम्ही पाहिले आणि पाहून न पाहिल्यासारखे केले.

मग कार्तिकी. एकादशी ४ नोव्हेंबरची. पनवेलहून रात्रीची गाडी धरून आम्ही सारे पंढरपुरास पोहोचलो. तीनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास, लेकरे आंबून गेलेली. चंद्रभागेत हातपाय धुतले आणि आम्ही थेट दर्शनबारीला लागलो. बारी किती लांब असते ते वारकऱ्यांना सांगायला नको. दोन तास झाले, तीन झाले. धाकटा सूनबाईच्या खांद्यावर झोपला. थोरली पाय आपटू लागली, पाणी मागू लागली, बाहेर जाऊ म्हणू लागली. आम्ही "आता आलंच, आता आलंच" असे खोटे सांगत राहिलो. शेवटी त्या पोरीला आवरले नाही आणि तिचा नवा झगा ओला झाला.

आणि आम्ही, गळ्यात माळ असलेले, चार लोकांत तिच्यावर ओरडलो. "देवाच्या दारात असं करतात का? लाज नाही वाटत?"

पोर रडली नाही. एकदम गप्प झाली. ते गप्प होणे आजही आमच्या कानांत आहे.

चिरंजीव म्हणाले, "अण्णा, तुम्ही रांगेत राहा. आम्ही पोरांना घेऊन बाहेर जातो." त्यांनी तिला खांद्यावर घेतले, महाद्वारापाशी नेऊन कळस दाखवला, नामदेव पायरीला हात लावू दिला, चुरमुरे घेऊन दिले. आम्ही बारीत राहिलो. आणखी कित्येक तासांनी पायावर डोके ठेवायला मिळाले. जन्मात इतक्या वाऱ्या झाल्या, पण पांडुरंगासमोर उभे असताना डोळ्यांपुढे दुसरेच काही दिसावे, असे कधी झाले नव्हते. त्या दिवशी डोळ्यांपुढे तो ओला झगा होता.

कोपरखैरण्याला परतलो. आमच्या घरी रोज सातला हरिपाठ होतो. थोरली आधी टाळ घेऊन मांडीशी बसायची. आता ती आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेई. आठवडा झाला, दोन झाले. एकदा विचारले तर म्हणाली, "मी आले आणि चुकले तर तुम्ही ओरडाल. देवपण रागावलाय ना?"

माउलींनो, यात काय पणाला लागले होते ते ध्यानात घ्या. अनारसे उरले, झोप मोडली, पैसे गेले, हे सारे भरून येते. पण पाच वर्षांच्या लेकराच्या मनात विठोबा म्हणजे रागावणारा कुणीतरी, असे एकदा बसले तर ते काढायचे कुणी? आम्ही तिला देवाच्या पायावर घालायला नेले होते आणि देवापासून तोडून आणले.

संतांच्या घरी काय झाले

तेव्हा आम्ही संतचरित्रे पुन्हा चाळू लागलो. कीर्तनात शंभरदा ऐकलेल्या कथाच, पण या वेळी त्या आमच्यावर बोट ठेवून बोलू लागल्या.

पहिली पुंडलिकाची. देव दाराशी आला तेव्हा पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला होता. त्याने हातातले काम टाकले नाही. वीट मागे सरकवली आणि देवाला थांबायला सांगितले. देव थांबला. रागावला नाही, परत गेला नाही. आपला सारा संप्रदाय या एका थांबण्यावर उभा आहे. घरच्या माणसाचे करता करता उशीर झाला तर चालवून घेणारा हा देव आहे. पुंडलिकापुढे म्हातारे आईबाप होते, आमच्यापुढे लहान लेकरे आहेत. दोघांनाही स्वतःचे स्वतः करता येत नाही, दोघेही आपल्या घाईने चालू शकत नाहीत. जो देव पुंडलिकासाठी युगानुयुगे विटेवर उभा राहिला, तो एका लेकराच्या झोपेसाठी तासभर थांबणार नाही काय?

दुसरी नाथांची. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली. सोबतची मंडळी हळहळली. एवढा लांबचा प्रवास, एवढा मोठा संकल्प, सारे वाया गेले म्हणाली. नाथांना मात्र रामेश्वर तेथेच भेटला. याच नाथांनी गोदावरीच्या तापल्या वाळूत चुकलेले, समाजाने अस्पृश्य ठरवलेले लेकरू उचलून कडेवर घेतले. पैठणातले लोक काय म्हणतील हा हिशेब केला नाही. आम्ही मात्र बारीतले लोक काय म्हणतील या धाकाने आपल्याच लेकरावर ओरडलो.

तिसरी गोरोबाकाकांची. ही सांगताना आवाज कापतो. नामात तल्लीन होऊन माती तुडवताना लेकरू पायाखाली आले आणि त्यांना कळले नाही. पुढे पंढरीत, कीर्तनाच्या रंगात, देवाने ते लेकरू परत दिले, अशी कथा आहे. आपण या कथेत भक्तीची थोरवी ऐकतो आणि ते योग्यच आहे. पण त्या कथेत आईचा आक्रोशही आहे, तो आपण लवकर ओलांडून पुढे जातो. गोरोबाकाकांचे भान देवात हरपले होते. आमचे भान कशात हरपले होते? रांगेत, यादीत, आणि "आम्ही लेकरांना पायावर घातले" असे गावाकडे सांगण्यात. त्यांच्या तल्लीनतेचे नाव आमच्या हट्टाला देणे बरे नव्हे.

चौथी मुक्ताईची. ज्ञानदेव लोकांच्या वागण्याने व्यथित होऊन दार लावून बसले तेव्हा धाकट्या बहिणीने बाहेरून समजूत घातली, तेच ताटीचे अभंग. तेथे थोरला भाऊ आत होता आणि लहानगी बाहेर. आमच्या घरी उलटे झाले होते. दार लेकराने लावले होते, आणि ते उघडावे म्हणून विनवणे आमच्या वाट्याला आले होते.

त्या संध्याकाळी हरिपाठाआधी आम्ही आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन बसलो. म्हटले, "बाळ, पंढरपुरात आजोबांचं चुकलं. झगा ओला होणं ही चूक नाही. देव रागावला नाही, रागावलो आम्ही." आतून बराच वेळ उत्तर नाही. मग विचारणा झाली, "खरंच देव नाही रागावला?" आम्ही म्हटले, "तो थांबलाय." त्या दिवशी ती बाहेर आली नाही. चार दिवसांनी आली. तिने टाळ उलटासुलटा वाजवला, आणि आम्ही ताल सांगितला नाही.

कळस, बाहेरचे दर्शन आणि उपवास

काही वाचक म्हणतील, एवढ्या दूर जाऊन पायावर डोके न ठेवता परतायचे तर वारी पुरी कशी होणार? याचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. आषाढी-कार्तिकीला येणाऱ्या लाखोंपैकी सगळ्यांना बारीने आत जाता येत नाही, कधीच येत नव्हते. चंद्रभागेचे स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरीचे आणि कळसाचे दर्शन करून वारकरी आनंदाने माघारी फिरतो. त्याची वारी अधुरी राहिली असे कुणी म्हणत नाही. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. त्यांना आत येऊ दिले नाही हा समाजाचा अन्याय, आणि तो दूर व्हायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. पण चोखोबांना देव बाहेर भेटला नाही असे म्हणण्याची कुणाची छाती आहे? चिरंजीवांनी खांद्यावरून दाखवलेला कळस हेच थोरलीचे पुरे दर्शन होते. अधुरे राहिलो ते आम्ही.

२०२० साल आठवा. त्या आषाढीला दिंड्या निघाल्या नाहीत. संतांच्या पादुका मोजक्या माणसांसह एसटी गाडीतून पंढरीस नेल्या, आणि १ जुलैची एकादशी आपण आपापल्या घरी केली. पुढल्या वर्षीही पायी सोहळा झाला नाही, तो २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज साऱ्या संप्रदायाने दोन वर्षे जीवावर दगड ठेवून सोडला, कारण माणसांचे प्राण राखायचे होते. वारी त्याने बुडाली काय? नाही. एवढे मोठे सोडता आले, आणि घरात पहाटे चारचे स्नान साडेसातला नेणे आम्हाला जड जावे!

उपवासाचेही तसेच. धर्मशास्त्रात एकादशीचा उपवास आठ वर्षांवरील माणसाला सांगितला आहे. म्हणजे शास्त्रकारांनाही लेकराचे पोट ठाऊक होते. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. आपल्या आज्यांना हे आकड्यांवाचून कळत होते. आमच्या कोपरखैरणे गावात आगरी बांधवांच्या सप्ताहात जाऊन पाहा. कीर्तन रंगात आलेले असते आणि आईच्या मांडीवर, सतरंजीच्या कडेला, लेकरे गाढ झोपलेली असतात. त्यांना कुणी उठवत नाही, कुणी टाळ्या वाजवायला लावत नाही. मृदंगाच्या आवाजात झोपलेले तेच पोर दहा वर्षांनी मृदंग घेऊन बसलेले आम्ही पाहिले आहे. नाम असे मुरते.

नेम आणि आग्रह

आता एक शंका उरते, आणि ती रास्त आहे. लेकरांच्या कलाने घ्यायचे म्हणून सारेच सोडायचे का? मग वळण कसे लागणार?

आम्ही बाजारातला दाखला देतो. टोळीत नवे पोर आले की मुकादम त्याला पहिल्याच दिवशी पुरी गोणी देत नाही. आधी हलके ओझे, चार खेपा, मध्ये बसायला सांगतो. पाठ तयार झाली की मग गोणी. याला कुणी लाड म्हणत नाही. पहिल्या दिवशी पुरी गोणी दिली तर पोर कंबर धरून गावाकडे पळते आणि परत येत नाही. ओझे तेच, माणूस तोच, पण वेळ चुकली. आम्ही पन्नास वर्षांच्या वारकऱ्याची गोणी पाच वर्षांच्या पोरीच्या पाठीवर दिली होती. आमच्या वडिलांनी आम्हाला पहिल्यांदा बारीत उभे केले ते अकराव्या वर्षी, हे आमच्या घरातून ऐकवले गेले तेव्हा आठवले.

तेव्हा नेम वेगळा आणि आग्रह वेगळा. रोज सातला हरिपाठ हा नेम. तो आम्ही करतो, लेकरू असो वा नसो. त्या वेळी लेकराने मांडी घालून, हात जोडून, शेवटपर्यंत बसावे हा आग्रह. नेम आपल्या स्वतःवर असतो, आग्रह दुसऱ्यावर. लेकरू नेम पाहून शिकते आणि आग्रह पाहून पळते. दिवाळीचा दिवा लावणे हा नेम. दिवाळी आपल्या लहानपणासारखीच व्हावी हा आग्रह. नेम सोडू नये. आग्रह जितका लवकर सुटेल तितके बरे.

आणखी एक. लहान लेकराला "चार तासांनी" हे कळत नाही. त्याला आत्ता कळते. आत्ता भूक, आत्ता झोप, आत्ता आईची मांडी. आपण सणाचे चित्र आठ दिवस आधीपासून मनात रंगवत असतो. त्याच्या मनात ते चित्रच नसते. मग ते चित्र मोडल्याचा राग त्याच्यावर का काढायचा?

येत्या दिवाळीसाठी

आमच्या घरी आता जे चालते ते सांगतो. ज्याला पटेल त्याने घ्यावे.

१. दिवसाला एकच गोष्ट ठरवावी. एक झाली की सण झाला. उरलेले झाले तर आनंद, न झाले तर रुखरुख नाही.

२. अभ्यंगस्नान मोठ्यांनी पहाटे करावे. लेकरू उठेल तेव्हा त्याचे. उटणे हातापायांना लावावे, तोंडाला नको.

३. फराळाचे दोन जिन्नस घरी करावे, ज्यात लेकरांचा हात लागेल असे. शंकरपाळ्या वाकड्या कापल्या तरी गोडच लागतात. बाकीचे बचत गटाच्या बायकांकडून घ्यावे. त्यांच्याही घरी दिवाळी होते. आणि घरच्या लक्ष्मीला रात्री एकपर्यंत जागवून लक्ष्मीपूजन करू नये.

४. किल्ला लेकरांचा आहे, बापाचा नाही. आमच्या इमारतीच्या आवारात गेल्या खेपेस धाकट्याने किल्ल्यावर शिवाजी महाराजांशेजारी प्लास्टिकची गाय ठेवली. ती कुणी हलवली नाही.

५. कार्तिकातली काकडआरती आपण रोज करावी. लेकरांना सुटीत एकच दिवस न्यावे, तेही आदल्या रात्री लवकर झोपवून. झोप मोडेना तर राहू द्यावे.

६. लहान लेकरांना पंढरपुरास यात्रेची गर्दी सोडून एरवी न्यावे. मुखदर्शन घ्यावे. यात्रेतच न्यायचे झाले तर कळसाचे दर्शन घडवून वाळवंटात खेळू द्यावे, जास्तीचे कपडे आणि खाऊ जवळ ठेवावा, आणि आईबापांचे नाव व फोनचा आकडा लिहिलेली चिठ्ठी लेकराच्या खिशात घालावी. बारीला मोठ्यांनी आळीपाळीने जावे.

७. आपला तोल गेला तर लेकरापाशी चूक कबूल करावी. त्याने मान जात नाही. आमचा गेला नाही.

यंदा थोरलीला आठ पुरी झाली. एका एकादशीला सकाळी आपणहून जवळ आली आणि म्हणाली, "आजोबा, मी आज धरू?" आम्ही तीन वर्षे तिला उपवासाबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. म्हटले, "धर. भूक लागली तर सांग." अकराच्या सुमाराला भूक लागली. तिने सांगितले. आजीने दूध-केळे दिले, ते खाऊन ती खेळायला गेली. संध्याकाळी हरिपाठाला आपणहून टाळ काढला. ताल अजून चुकतो.

कार्तिकीला पुन्हा यायचे का, असे आम्ही तिला विचारलेले नाही. ती विचारील तेव्हा नेऊ. तोवर आम्हीही थांबायला शिकलो तर ते पांडुरंगाचेच शिकवणे म्हणावयाचे. वाचकमाउलींनी आपल्या घरच्या लहानग्यांकडे येत्या दिवाळीत जरा या नजरेने पाहावे, एवढी विनंती करून लेख पुरा करतो.

रामकृष्ण हरी.